रुमालाखाली विकलेला कॅमेरा

मुलाला पहिला कॅमेरा कोणता घ्यावा यावर चार उपयोगाच्या गोष्टी लिहा, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा मी नुकताच धुळ्याहून परतलो होतो आणि माझे डोके तापलेले होते. ते अजून पुरते निवलेले नाही. त्यामुळे लेख मागितला तसाच उतरेल याची हमी मी देत नाही. हमीच्या बाबतीत मी तसाही फार भरवशाचा माणूस नाही, हे पुढे कळेलच.

धुळ्याला एका शाळेच्या सभागृहात सातपुड्याच्या फोटोंचे प्रदर्शन भरले होते. डोंगर, घळी, साग, फुललेला पळस, तापीच्या पात्रातले बगळे. माणूस औषधालाही नाही. फोटो काढणारा हिरालाल पाटील, तापीकाठच्या प्रकाशा गावचा. पंधरा वर्षांचा होता तेव्हा मी त्याला पाहिलेला. आता मिशी आहे, चष्मा आहे. व्यासपीठावरून तो म्हणाला, "माझा पहिला कॅमेरा वडिलांनी मुंबईहून आणून दिला होता." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. उठून उभा राहणार, तेवढ्यात बायकोने उपरण्याचे टोक ओढून मला खाली बसवले. "तुमचं वय काय, चाललात काय," एवढेच ती म्हणाली.

तो कॅमेरा मुंबईचा नव्हता. नंदुरबारला स्टेशनच्या रस्त्यावर माझ्या दुकानात, काचेच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर तो सहा महिने होता. त्याची धूळ मी रोज स्वतः पुसत असे. कसल्याही घराण्याचा आधार नसताना, एका तंबूवाल्या फोटोग्राफरची पेटी जत्रांतून वाहून, त्याचे बोलणे खाऊन मी हा धंदा शिकलो. दुकान उभे केले. जिल्ह्यात कोणी नाव काढले तर बरे वाटते. आणि ज्याचे सगळ्यात जास्त नाव झाले, तो म्हणतो मुंबई.

पण आधी संपादकांचे काम करतो.

कॅमेरा म्हणजे काळोखाची पेटी. एका बाजूला भिंग, दुसऱ्या बाजूला रीळ. भिंगावरची झडप पापणी लवावी तशी उघडते आणि मिटते. तेवढ्यात जो उजेड आत गेला त्याचा फोटो होतो. त्याखेरीज दुसऱ्या कुठल्याही वाटेने एक कवडसा आत शिरता कामा नये. एवढे ज्याला कळले त्याला अर्धा धंदा कळला.

पेट्या दोन तऱ्हेच्या मिळतात. एक डबा कॅमेरा. नावाप्रमाणे चौकोनी डबा, भिंग पक्के बसवलेले, अंतर लावायला नको. ऊन पाठीशी घ्यायचे, डबा पोटाशी धरायचा, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. दुसरा भात्याचा. मिटला की जाड पुस्तकाएवढा. उघडला की बाजाच्या पेटीला असतो तसा घड्यांचा कातडी भाता पुढे येतो. दिसायला रुबाबदार, फोटोही जास्त रेखीव देतो. पण घड्यांचे कोपरे हे त्याचे मर्म. उघडून मिटून कोपरा झिजतो, सुईच्या टोकाएवढे भोक पडते, आणि डोळ्याला न दिसणारे ते भोक फोटोवर पांढरा ओरखडा ओढते. जुना घेत असाल तर अंधाऱ्या खोलीत शिरा, हातबॅटरी पेटवून भात्याच्या आत धरा आणि कोपरे बघा. कुठे तारा चमकला तर माल परत करा.

रानात फिरणाऱ्या मुलाला डबाच घ्या. पडतो, भिजतो, बैलगाडीत धक्के खातो आणि तरी चालतो. एका रिळात आठ फोटो; मागच्या लाल खिडकीत आकडा पाहून रीळ पुढे सरकवायचे. आणि मुलाला एक गोष्ट शंभरदा सांगा : रीळ धुऊन येईपर्यंत उघडायचे नाही. नवापूरकडच्या एका गिऱ्हाइकाने साऱ्या लग्नाचे फोटो काढले, आणि ते "आलेत का" हे बघायला भर उन्हात रीळ उलगडले. मग कोरे रीळ माझ्यापुढे टाकून म्हणाला, "अप्पा, तुन्हा कॅमेरा आंधया शे." असे लोक वर्षातून चार-पाच येत. चूक त्यांची असे आणि शिव्या मला. त्यामुळे कोणाचेही रीळ खराब निघाले की "उघडून पाहिलंस ना" हे वाक्य माझ्या ओठांवर तयार असे. ते वाक्य लक्षात ठेवा.

आता रुमालाचे सांगतो. फोटोच्या धंद्याआधी मी नंदुरबारच्या बैलबाजारात दलाली करत होतो. तिथे भाव तोंडाने होत नाही. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात, आणि आत बोटे दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. त्याला तीन नियम. बैलाची खोड, म्हणजे तो मारका आहे, बसका आहे, एका डोळ्याने कमी आहे, हे हात रुमालात जाण्याआधी मोठ्याने सांगायचे. हात आत गेल्यावर कोणी बोलायचे नाही. आणि समोरच्याने तुमची सगळी बोटे मिटवून मूठ केली आणि हात सोडला, तर समजायचे की हा माणूस तुमच्याशी पुन्हा व्यवहार करणार नाही. मूठ मिटलेला दलाल बाजारात मान खाली घालून हिंडतो.

मी फोटोवाला झालो तरी मोठ्या वस्तूचा भाव रुमालातच करत असे. गिऱ्हाइकांना गंमत वाटे. मला सोयीचे होते, कारण तोंडाने भाव करताना माझा आवाज चढतो आणि आवाज चढला की मी नको ते बोलून जातो.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीची दोन-तीन वर्षे. माघ संपत आला होता, महाशिवरात्रीला चार दिवस होते. प्रकाशाचे छगन पाटील मुलाला घेऊन दुकानात आले. पाटील म्हणजे तापीकाठची काळी जमीन, दोन विहिरी, गावात शब्दाला वजन.

"अप्पा, पोऱ्याले कॅमेरा लेवाना शे," ते बसता बसता म्हणाले. "शायमा मन लागत नही. दिवसभर नदीवर पाखरे देखस. आते त्याले त्यासना फोटो काढाना शे. मानूस नही त्या फोटोमा काय देखानं, मालेबी समजत नही."

मुलगा, म्हणजे हिरालाल, कपाटासमोर उभा होता. मी विचारले, कसले फोटो काढायचे? तो हळू बोलला, पण सगळे एका दमात बोलला. त्याचे आजोबा, ज्यांना सगळा भाग मोठे आबा म्हणे, दर शिवरात्रीला सातपुड्यात वर तोरणमाळच्या यात्रेला पायी जात. आता डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता आणि गुडघे गेले होते. "आबाना डोया चालनात. अजून थोडं दिसस. तवलोंग माले आखी वाट फोटोमा लई येवानी शे. खालनी नदी, चढ, वरनं देऊळ आन् तलाव. तलाव त्यासले पहिले दखाडाना शे."

मोठ्या आबांचे नाव ऐकून मी सरळ बसलो. मी विशीत दलालीला उभा राहिलो तेव्हा माझा हात रुमालात घेणारे पहिले गिऱ्हाईक तेच. माझ्यासारख्या नवख्यावर कोणी बैल सोपवत नव्हते, तेव्हा त्यांनी जोडी घेतली होती.

मी डबा काढून टेबलावर ठेवला. हिरालालने तो उचलला, पोटाशी धरला, रस्त्याकडे वळवला आणि वरच्या काचेत पाहून हसला. सौदा तिथेच व्हायला हवा होता.

"हाऊ काय शे?" पाटील म्हणाले. "डबाले भोक पाडं आन् इकाले ठेवं का?"

"पाटील, रानमा हाऊच बरा," मी म्हणालो. "पडना तरी मोडत नही."

"मन्हा पोऱ्या हाऊ गळामा टांगी गावमा फिरना तर लोक सांगतीन, पाटीलना पोऱ्या तपकीर इकाले निंघना."

"बाबा, माले हाऊच चांगला वाटस," हिरालाल म्हणाला.

"तू गप ऱ्हाय. अप्पा, तुन्हा दुकानमा डबडाच शेतस का? तसं सांग. मी मुंबईले मानूस धाडस."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके होती. ती हसली. माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली. मी मागे वळलो, कपाट उघडले आणि दुसऱ्या फळीवरचा भात्याचा कॅमेरा काढून त्यांच्यासमोर खटकन उघडला. जंगल खात्यातल्या एका साहेबाने बदली होताना विकलेला. भिंग उत्तम, निकेल चकचकीत. पाटलांचा चेहरा खुलला.

त्या भात्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्याला भोक होते. मी ते काजळी आणि रोगण लावून बुजवले होते. बॅटरी लावून पाहिले होते. तारा दिसत नव्हता. दुकानात बसून फोटो काढणाऱ्याला तो कॅमेरा दहा वर्षे गेला असता. पण उन्हातान्हात, डोंगर चढताना, दिवसातून वीसदा उघडमीट करताना काय होईल, याची खात्री नव्हती. सांगायचे माझ्या मनात होते. शब्द जुळवत होतो. पण "मुंबईले मानूस धाडस" हे कानात वाजत होते, आणि त्यानंतर आपल्याच मालाला "सांधलेला आहे" म्हणणे माझ्याने होईना. मी हात पुढे केला आणि वर रुमाल टाकला.

खोड न सांगता हात रुमालात घालण्याची माझी ती पहिली वेळ.

पाटील बोटे दाबत होते, मी दाबत होतो. किंमत मी आजही सांगणार नाही. ती रुमालात झाली. मधेच हिरालाल, जो उघडा भाता निरखत होता, म्हणाला, "अप्पा, आठे कोपराले काय लायेल शे?"

"रुमालमा हात शे," मी खेकसलो. "आते बोलानं नही."

पाटील म्हणाले, "बाजारनी रीत शे, पोऱ्या. गप ऱ्हाय." तो गप्प राहिला. सौदा झाला. निघताना पाटलांनी मला ऐकवायला म्हणून त्याला बजावले, "आठ फोटो. चांगला निंघनात तर ठीक. नही तर हाऊ कपाटमा आन् तू मामाना जीनवर." त्या मामांचा शहाद्याला जीन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना होता. पोराने कॅमेरा छातीशी धरला होता. रस्ता ओलांडताना त्याने तो एकदा उघडला आणि अंगठा त्या कोपऱ्यावर फिरवला. मी ते पाहिले.

पुढचे दोन दिवस मी रोगणावर भरवसा ठेवून काढले. त्याच बाटलीतल्या रोगणाने मी दुसऱ्या एका कॅमेऱ्याचा भाता सांधला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो कपाटातून काढला. आदल्या दुपारी त्याच्यावर ऊन येत होते. उघडला तर रोगणाची खपली सुटून माझ्या तळहातावर पडली.

मी दुकान बंद केले. टेबलावरचा डबा कॅमेरा घेतला, त्यात नवे रीळ भरले आणि मोटारीच्या अड्ड्यावर गेलो. सर्व्हिस मोटार भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना. मी त्याच्याशी भांडलो, क्लीनरशी भांडलो, त्याने काही फरक पडला नाही. वाटेत मोटार दोनदा पाण्यासाठी थांबली. सारा वेळ डबा मांडीवर धरून मी मनातल्या मनात वाक्ये रचत होतो. पाटील, हा घ्या, तो परत द्या. का? सहज. नाही, रीळ वेगळे आहे. नाही, भिंगात दोष आढळला. भिंगात दोष सांगणे मला भात्यातले भोक सांगण्याहून सोपे वाटत होते, कारण भिंग मी सांधलेले नव्हते. तापी नावेतून ओलांडली आणि पाटलांच्या घरी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते.

ओट्यावर मोठे आबा एकटे बसले होते. पावलांच्या आवाजाकडे त्यांनी मान वळवली.

"कोन शे?"

"मी, अप्पा. बैलबाजारना."

"फोटोवाला व्हयना ना तू? बस. पोऱ्या सकायलेच गया. बापबी गया. गाडी, घोंगडी, कॅमेरा, सगळं लई गया." ते हसले. "घरमा कॅमेरा उना तवयपाईन त्यानी माले तो सात-आठदा हातमा दिधा. माले काय दिसस? पन बोटसले समजस."

मी डबा मांडीवर घेऊन ओट्यावर टेकलो. आबांनी अंगठा बोटांच्या टोकांवर फिरवला.

"कोपराले काहीतरी लायेल शे," ते म्हणाले. "खोड सांगी व्हती का?"

बैलाच्या पाठीवरून हात फिरवून त्याचे वय सांगणारा तो माणूस. मांडीवरचा डबा मी बाजूला ठेवला. नाही म्हणावे तर गाव ऐकेल, हो म्हणावे तर समोर मोठे आबा. माझी अडचण त्यांना दिसत नसली तरी कळली असावी. त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले आणि हात पुढे केला.

"तोंडे सांगू नको. हात दे. आठमाईन कितला येतीन?"

मी उपरण्याखाली त्यांचा हात धरला. तोरणमाळचा चढ डोळ्यांपुढे आणला, ऊन आणले, पोराची घाई आणली, रोगणाची ती खपली आणली. आणि त्यांची चार बोटे दाबली.

आबांचा हात हलला नाही. मग ते म्हणाले, "चार म्हंजे चार. तलाव त्या चारमा ऱ्हायना म्हंजे जायं."

मी डबा घेऊन परत आलो. तोरणमाळला का गेलो नाही, असे बायकोने विचारले. गाडीवाटेने एक दिवस, मग पायी चढ, वर हजारो यात्रेकरू. ही सगळी कारणे खरी होती. खरे कारण हे की तिथे छगन पाटील होते.

ते पाच दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. दोन गिऱ्हाइकांना घालवून दिले. आकाशात ढग आला की बरे वाटे, कारण ऊन कमी तर भोकातून शिरणारा उजेड कमी. पण माघ-फाल्गुनात आमच्याकडे ढग कुठून येणार? जेवताना मी आठ शेंगदाणे ताटाच्या कडेला मांडून चार बाजूला करत असे. बायकोने एकदा ते आठही उचलून खाल्ले आणि म्हणाली, "आता जेवा."

सहाव्या दिवशी दुपारी बापलेक आले. हिरालालचा चेहरा उन्हाने रापला होता. रीळ त्याने रुमालात बांधून आणले होते. "अप्पा, मी मझार येऊ का?" त्याने विचारले. मी नाही म्हणायला हवे होते. पण रीळ धुताना बघायची त्याची ती पहिली वेळ होती, आणि मी त्याला आत घेतले.

अंधाऱ्या खोलीत लाल कंदील. रिळाची पट्टी दोन्ही टोकांना धरून औषधाच्या थाळीत खालीवर झोके देत न्यायची, इतके ते साधे काम. फिल्मवर सगळे उलटे उमटते : उजेड काळा, सावली पांढरी. हळूहळू एक एक चौकट चढायला लागली. पहिली स्वच्छ. नदी, खडक. दुसरी स्वच्छ. तिसरी, चौथी स्वच्छ. माझे हात थांबले. पोरगा कुजबुजला, "भातावर मी घोंगडी धरी ठेयी व्हती. सालदार धरे, मी खटका दाबू."

त्याने कोपरा ओळखला होता. दुकानातच ओळखला होता. गाडी हाकणाऱ्या सालदाराची, म्हणजे सालगड्याची, काळी घोंगडी भात्यावर धरून त्याने माझी खोड झाकली होती.

पाचवीही स्वच्छ. सहावीच्या कोपऱ्यातून काळा पट्टा निघून मधोमध गेला होता. सातवीतही. आठवीतही. वर कड्यावर वारा होता, घोंगडी ठरेना, असे तो म्हणाला. सहावी चौकट तलावाची होती.

पट्टी वाळत घातली आणि आम्ही बाहेर आलो. पाटील खुर्चीवर बसले होते. त्यांनी फिल्म खिडकीकडे धरली. फिल्ममधले त्यांना काही कळत नव्हते, पण ते तीन पट्टे आंधळ्यालाही दिसले असते.

"हाई काय शे?" त्यांनी मला विचारले.

दुकानात तेव्हा दुसरे कोणी नव्हते. माझ्या मालाला हसणारे कोणी नव्हते. सांगायला याहून सोपी वेळ मिळाली नसती. आणि माझ्या ओठांवर ते तयार वाक्य आले.

"रीळ उघाडी देखेल शे," मी म्हणालो. "पोरे असंच करतस."

हे खोटे आहे हे मला माहीत होते. उघडलेल्या रिळाच्या कडा सबंध काळ्या पडतात. इथे तीनही चौकटींत डाग एकाच कोपऱ्यातून निघाला होता, खालच्या डाव्या. धंद्यातल्या कोणीही एका नजरेत सांगितले असते. पाटील धंद्यातले नव्हते.

"मी रीळ उघाडं नही," हिरालाल म्हणाला.

पाटलांनी हात उगारला नाही. नुसते त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "अप्पा पंचवीस सालपाईन हाई काम करी ऱ्हायना. त्याले समजत नही आन् तुले समजस?"

हिरालाल माझ्याकडे वळला. टेबलावर कॅमेरा होता. त्याने तो उघडला आणि अंगठा त्या कोपऱ्यावर ठेवला.

"अप्पा," तो म्हणाला, "आते बोलू का?"

मी म्हणालो, "काय बोलशी? चूक जायी ती जायी. दुसरी येळ ध्यान ठेव."

त्याने अंगठा काढला, कॅमेरा मिटला आणि बापाच्या मागे जाऊन उभा राहिला. त्यानंतर तो माझ्याशी एक शब्दही बोललेला नाही. आजपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आठही फोटो कागदावर उतरवून मी स्वतः प्रकाशाला गेलो. पोचवण्याचे निमित्त होते. खरे तर कॅमेरा कपाटात गेला की काय, पोरगा जीनवर गेला की काय, हे मला घरी बसून कळणार नव्हते. पाटील ओट्यावर होते, आबा होते, हिरालाल खांबाला टेकून उभा होता. पाटलांनी आधीच सांगून टाकले होते की तलाव बिघडला आणि तो पोराच्या उतावळेपणाने बिघडला.

आबांनी एक एक फोटो नाकाशी धरून पाहिला. पहिल्या पाचांना ते खुणा सांगत गेले : हा अमका दगड, इथे आम्ही भाकरी खायचो, इथून चढ लागतो. मग सहावा हातात आला. तलावाच्या पाण्यावर कोपऱ्यातून आलेला पांढरा झोत पडला होता. आबांनी तो फोटो सगळ्यात जास्त वेळ धरला. माझी बोटे त्यांना आठवत असणार. चार सांगितले होते, पाच आले होते, आणि तलाव त्यात नव्हता.

"बराबर शे," ते म्हणाले. "दुपारले तलाववर ऊन असंच पडस. छगन, तू देखेल नही. मी देखेल शे." आणि मग नातवाकडे चेहरा करून, "पोऱ्या, कॅमेरा कपाटमा ठेवू नको. पुढला साल पुन्हा जाय."

वडिलांपुढे पाटील बोलत नसत. हिरालालने तोंड फिरवले. त्याचे खांदे हलत होते.

मी उठलो. पाया पडायला वाकलो, तेव्हा आबांनी खांद्यावरचे उपरणे माझ्या हातावर टाकले आणि खालून माझा हात धरला. मला वाटले, पाचव्या बोटाचे काही सांगायचे असेल. त्यांनी माझी बोटे एक एक करून आत मिटवली, मूठ केली आणि हात सोडला. बाकीच्यांना वाटले, म्हाताऱ्याने निरोप दिला.

रुमालातले बाहेर सांगायचे नसते, म्हणून आबांनी माझे भोक कोणाला सांगितले नाही. तीन वर्षांनी ते गेले. पाटील गावात सांगत, कॅमेरा मुंबईचा आहे. तो त्यांचा बडेजाव. मुलगाही तेच सांगतो, आणि धुळ्याच्या त्या सभागृहात मी समजलो की तो विसरला, किंवा त्याला नंदुरबारची लाज वाटते. घरी येईपर्यंत मी बायकोला तेच ऐकवत होतो. ती शेवटी म्हणाली, "तुमचं नाव घेतलं असतं तर भोकाचंही सांगावं लागलं असतं. त्यानं दोन्ही गाळलं."

दहा-बारा वर्षे मी राग राखून आहे की माझ्या मालाचे नाव कोणी घेत नाही. नाव हवे तर खोडही सांगायला हवी. बाजाराचा पहिलाच नियम तो. म्हणून संपादकांनी हे जसेच्या तसे छापावे : हिरालाल पाटलाचा पहिला कॅमेरा नंदुरबारचा होता, माझ्या दुकानातला. त्याच्या भात्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्याला भोक होते, तेही माझ्याच दुकानातले. मी ते सांगितले नाही. पोराने रीळ उघडले नव्हते.

आणि पालकांनी एवढे करावे. दुकानदाराचे ऐकू नका, स्वतःच्या रुबाबाचेही ऐकू नका. ज्याच्या गळ्यात कॅमेरा अडकवायचा आहे त्याला विचारा, आणि तो काही विचारू लागला तर त्याला बोलू द्या.

त्या मापाचा नवा भाता मी त्याच फाल्गुनात सुरतेहून मागवला होता. न्यायला कोणी आले नाही. तो अजून खणात आहे. दर सहा महिन्यांनी मी त्यावर तेलाचा हात फिरवतो, काल बॅटरी लावून पाहिला, तारा नाही. हिरालाल, दुकान तिथेच आहे. कोणाचाही हात रुमालात नाही.

आते बोल.